पडलेल्या दाढेच्या जागी स्क्रू: डेंटल इम्प्लांट म्हणजे नेमकं काय?

गेल्या उन्हाळ्यात साताऱ्याच्या आत्याने मला व्हॉट्सअॅपवर एका होर्डिंगचा फोटो पाठवला. ‘फक्त ३ दिवसांत पक्के दात! टाके नाहीत, वेदना नाहीत!’ खाली हसणारं एक जोडपं, वय साठीच्या पुढचं, दात विशीतले. पाठोपाठ आत्याचा आवाजी निरोप आला: ‘अरे, हे खरं असतं का रे? माझी खालची डावी दाढ काढून सहा वर्षं झाली. आता समोरची वरची दाढ खाली यायला लागलीय म्हणे. चणे आहेत पण दात नाहीत, अशी गत झालीय बघ.’

मी दातांचा डॉक्टर नाही. पण आत्याबरोबर दोन दवाखान्यांच्या पायऱ्या चढलो, एक्स-रे पाहिले, प्रश्न विचारले, घरी येऊन वाचलं. हळूहळू लक्षात आलं की आम्ही सगळे दाताबद्दल बोलत होतो आणि डॉक्टर मात्र सारखे हाडाबद्दल बोलत होते. तो फरक एकदा समजला की होर्डिंगवरचे ‘३ दिवस’ही समजतात.

दात रुतलेला नसतो, टांगलेला असतो

आरशात दिसतो तो दाताचा वरचा भाग. त्याहून लांब मूळ हिरडीखाली, जबड्याच्या हाडात असतं. पण भिंतीत खिळा ठोकावा तसं ते हाडात घट्ट बसवलेलं नसतं. मूळ आणि हाड यांच्यामध्ये बारीक तंतूंचा एक पातळ थर असतो, मिलिमीटरच्या पाचव्या भागाएवढा. या तंतूंनी दात हाडाला बांधलेला असतो, झोळी आढ्याला बांधावी तसा. चावताना दात किंचित दबतो आणि परत वर येतो. भातातला खडा दाताखाली आला की क्षणात कळतं, तेही या तंतूंमधल्या नसांमुळेच.

जबड्याचा जो कणा दातांना धरून असतो, तो दातांच्या जिवावरच टिकतो. रोजच्या चावण्याचा दाब त्याला मिळत राहतो, म्हणून शरीर तिथलं हाड राखतं. बांधावरचं बाभळीचं झाड काढलं की दोन पावसाळ्यांत बांध खचतो. मुळं होती म्हणून माती होती. दात काढल्यावर तिथल्या हाडाचं असंच होतं. पहिल्या वर्षभरात त्याची रुंदी जवळपास निम्म्याने घटू शकते आणि त्यातली बरीचशी घट पहिल्या ३ महिन्यांतच होते. पुढेही झीज चालू राहते, फक्त वेग मंदावतो.

शेजारचे दातही गप्प बसत नाहीत. कपाटातलं एक पुस्तक काढलं की बाजूची कलंडतात, तसे ते मोकळ्या जागेत झुकतात. समोरच्या जबड्यातल्या दाताला टेकायला काही उरत नाही, म्हणून तो लांबत येतो. आत्याची वरची दाढ ‘खाली यायला लागली’ ती अशी.

इम्प्लांट म्हणजे कृत्रिम मूळ

डेंटल इम्प्लांट हा टायटॅनियम धातूचा छोटा स्क्रू असतो. साधारण ४ मिलिमीटर जाड आणि १० मिलिमीटर लांब, म्हणजे करंगळीच्या नखात मावेल एवढा. तो जबड्याच्या हाडात बसवतात. त्याच्या डोक्यावर हिरडीतून वर येणारा एक जोडतुकडा लावतात, त्याला अबटमेंट म्हणतात. आणि त्यावर दाताच्या आकाराची कॅप बसते, जशी रूट कॅनलनंतर बसवतात तशीच. दिसते ती कॅप, काम करतो तो स्क्रू.

हे तीन भाग लक्षात ठेवा, बिलाच्या वेळी लागतील. काही दवाखाने ‘इम्प्लांट इतक्या हजारात’ म्हणतात तेव्हा त्यांना फक्त स्क्रू अभिप्रेत असतो आणि ऐकणाऱ्याला अख्खा दात.

सशाच्या पायात अडकलेली नळी

हाड आणि धातू एकमेकांना इतकं घट्ट धरतात हे कोणी ठरवून शोधलेलं नाही. १९५२च्या सुमारास पेर-इंगवार ब्रोनेमार्क हा तरुण स्वीडिश संशोधक सशाच्या पायाच्या हाडात रक्त कसं वाहतं ते पाहत होता. त्यासाठी त्याने हाडात टायटॅनियमचं छोटं उपकरण बसवलं होतं, ज्यातून सूक्ष्मदर्शकाने आत डोकावता येईल. प्रयोग संपला. उपकरण महागडं, पुन्हा वापरायचं म्हणून काढायला गेला तर निघेना. हाड त्या धातूला चिकटून वाढलं होतं.

दुसरा कोणी असता तर वैतागला असता. ब्रोनेमार्कने हेच पुढच्या आयुष्याचं काम केलं. १९६५ साली त्याने योस्टा लार्सन नावाच्या रुग्णाच्या खालच्या जबड्यात असे स्क्रू बसवले. लार्सनच्या जबड्यात जन्मतःच दोष होता आणि दात नव्हते. हे स्क्रू त्याने २००६ साली मृत्यू येईपर्यंत वापरले, म्हणजे चाळीस वर्षांहून जास्त. तरीही दंतवैद्यांच्या जगाने ब्रोनेमार्कवर बरीच वर्षं विश्वास ठेवला नाही. त्याआधीच्या नाना तऱ्हेच्या धातूच्या दातांनी हात पोळले होते, आणि हा माणूस मुळात दातांचा डॉक्टर नव्हता. १९८२ साली कॅनडात टोरांटोला भरलेल्या परिषदेत त्याची वर्षानुवर्षांची आकडेवारी मांडली गेली, तेव्हा कुठे दारं उघडली.

टायटॅनियमच का? हवा लागताच या धातूवर ऑक्साइडचा अत्यंत पातळ थर तयार होतो. तो गंजू देत नाही आणि शरीराला खुपतही नाही. हाडाच्या पेशी त्याला परका न मानता थेट त्याला लागून नवं हाड रचतात. हाड आणि स्क्रू यांच्या या सांध्याला मी पुढे नुसतं ‘जुळणं’ म्हणेन. त्याचं लॅटिनवरून आलेलं नाव उच्चारून आत्यालाही काही फायदा झाला नव्हता.

मग ३ दिवसांत कसं होईल?

घर बांधलेल्या कोणालाही हे पटकन कळेल. स्लॅब ओतला त्या दिवशी तो सेंट्रिंगच्या आधाराने उभा असतो. आपण पाणी मारत थांबतो आणि मगच खालच्या बल्ल्या काढतो. इम्प्लांटचंही असंच आहे. बसवल्या दिवशी तो घट्ट वाटतो, कारण स्क्रूचे आटे हाडात रुतलेले असतात. ही निव्वळ यांत्रिक पकड झाली. पुढच्या काही आठवड्यांत शरीर आट्यांभोवतीचं दुखावलेलं जुनं हाड काढून टाकतं आणि नवं भरतं. मधे, साधारण दुसऱ्या ते चौथ्या आठवड्यात, जुनी पकड सैल झालेली असते आणि नवी पुरती आलेली नसते.

गंमत अशी, की नेमक्या याच दिवसांत काही दुखत नसतं. टाके निघालेले, सूज गेलेली, माणूस खूश. आणि तो शेंगदाण्याचा लाडू त्याच बाजूने चावून बघतो.

या काळात स्क्रू मिलिमीटरच्या सातव्या भागाएवढा जरी वारंवार हलत राहिला, तर त्याच्याभोवती हाडाऐवजी मऊ तंतूंचा थर तयार होतो. मग तो कधीच जुळत नाही. म्हणून प्रचलित पद्धतीत खालच्या जबड्यात साधारण ३ ते ४ महिने आणि वरच्या जबड्यात ४ ते ६ महिने थांबून मग कॅप लावतात. वरचं हाड जाळीदार, पोकळसर असतं, म्हणून तिथे उशीर लागतो.

तर ‘३ दिवसांत दात’ ही फसवणूक आहे का? सरसकट नाही. पुढचा एक दात गेलाय, हाड दणकट आहे, स्क्रू घट्ट बसलाय, अशा वेळी डॉक्टर लगेच तात्पुरती कॅप लावतात. ती समोरच्या दाताला टेकणार नाही एवढी खाली ठेवतात. पूर्ण जबड्यात चार-सहा स्क्रू एकाच पट्टीने जखडले तर तेही एकमेकांना हलू देत नाहीत. पोर्तुगालमध्ये पाउलो मालो यांनी नव्वदच्या दशकात रुळवलेली चार स्क्रूंवर अख्खी बत्तीशी उभी करायची पद्धत याच तत्त्वावर चालते. आपल्याकडच्या जाहिरातींत बहुतेकदा ‘बेसल’ इम्प्लांट असतात. ते अखंड, लांब असतात आणि जबड्याच्या खोलवरच्या टणक हाडात रोवतात. तेही काही जणांना उपयोगी पडतात. पण अशा प्रत्येक प्रकारात ३ दिवसांत मिळते ती कॅप. हाड आपल्या वेळेनेच जुळतं, तिथे होर्डिंगचं काही चालत नाही. त्यामुळे तिसऱ्या दिवशी पक्के दात लावून घेतलेल्या माणसालाही पुढचे काही महिने मऊच खावं लागतं. जाहिरातीत ते लिहीत नाहीत.

हाड उरलंच नसेल तर?

हाड किती उरलंय ते कळण्यासाठी आधी जबड्याचा त्रिमिती स्कॅन काढतात, त्याला सीबीसीटी म्हणतात. साध्या एक्स-रेत उंची दिसते, रुंदी दिसत नाही. ४ मिलिमीटरचा स्क्रू बसवायचा तर दोन्ही बाजूंना मिलिमीटर-दीड मिलिमीटर हाड उरायला हवं. म्हणजे निदान ६ ते ७ मिलिमीटर रुंद कणा लागतो. फळी अरुंद असली आणि स्क्रू जाड, तर फळी फाटते, हे सुताराला सांगावं लागत नाही.

खालच्या जबड्यात दाढांच्या मुळांखालून एक नस जाते, ओठ आणि हनुवटीची संवेदना नेणारी. तिच्यापासून २ मिलिमीटर तरी दूर राहावं लागतं, नाहीतर ओठ बधिर राहू शकतो. वरच्या जबड्यात दाढांच्या वर सायनसची पोकळी असते आणि दात गेल्यावर ती खाली उतरत येते. तिथे कधी कधी पोकळीचं अस्तर हलकेच वर उचलून खाली हाडाची भुकटी भरतात. ही भुकटी रुग्णाच्या स्वतःच्या हाडाची, कृत्रिम किंवा प्राण्याच्या हाडापासून शुद्ध केलेली असते, आणि प्राण्याची म्हणजे बहुतेकदा गाईगुरांची. कोणाच्या श्रद्धेत ते बसत नसेल तर आधीच विचारावं. कृत्रिम पर्याय मिळतो आणि विचारण्यात ओशाळण्यासारखं काही नाही.

स्क्रूसाठी भोक पाडताना सतत थंड सलाइन सोडतात. कारण हाड ४७ अंश सेल्सियसला मिनिटभर राहिलं तरी तिथल्या पेशी मरतात, आणि मेलेल्या हाडाला काही जुळत नाही. दुखण्याचं म्हणाल तर जागा बधिर करून करतात. ‘दाढ काढताना याहून जास्त धसमुसळेपणा झाला होता,’ हे आत्याचं मत.

पण कवळी काय वाईट आहे?

काहीच नाही, आणि मला इथे जरा रेंगाळायचं आहे. इम्प्लांटची चर्चा सुरू झाली की बाकीचे पर्याय मागासलेले वाटायला लागतात.

एक दात गेला असेल तर ब्रिज, म्हणजे लोक ज्याला ‘फिक्स दात’ म्हणतात तो, दोन आठवड्यांत होतो. शेजारच्या दोन्ही दातांवर कॅप बसवून मधला दात त्यांना जोडलेला असतो. शेजारच्या दातांना आधीच मोठं सिमेंट किंवा रूट कॅनल असेल तर ब्रिजच शहाणपणाचा. ते दात धडधाकट असतील तर मात्र एका गेलेल्या दातासाठी दोन चांगले दात घासून लहान करावे लागतात, आणि मधल्या जागेखालचं हाड झिजत राहतं ते वेगळंच.

सगळेच दात गेले असतील तर काढ-घाल करायची कवळी. वरची कवळी टाळूला चिकटून बरी राहते. खरा त्रास खालच्या कवळीचा, कारण तिथे जीभ मधे असते आणि कवळीला धरायला जेमतेम घोड्याच्या नालेएवढी कड उरते. बोलता बोलता ती उडते, ज्वारीची भाकरी खाताना सरकते. अशांसाठी एक मधला मार्ग आहे. खालच्या जबड्यात पुढे फक्त २ इम्प्लांट बसवायचे आणि कवळी त्यांवर टिचबटणासारखी दाबून लावायची. रात्री काढून धुवायची. कॅनडात मॅकगिल विद्यापीठात २००२ साली जमलेल्या तज्ज्ञांनी बिनदाताच्या खालच्या जबड्यासाठी रुग्णापुढे सर्वांत आधी हाच पर्याय ठेवावा असं म्हटलं होतं. आठ-दहा इम्प्लांटच्या बत्तीशीपेक्षा याचा खर्च कितीतरी कमी.

आणि काहीच न करणं हाही पर्याय आहे! अगदी शेवटची दाढ गेली असेल आणि पुढच्या दातांनी नीट खाता येत असेल, तर ती जागा रिकामी ठेवून चालतं. जपानने १९८९ पासून ‘८०व्या वर्षी २० दात’ अशी मोहीम चालवली आहे. आकडा २० आहे, ३२ नाही.

‘शरीराने नाकारलं’ म्हणजे काय?

मूत्रपिंड बदलल्यावर शरीर ते नाकारू शकतं, कारण ते दुसऱ्याच्या जिवंत पेशींचं असतं. टायटॅनियमच्या बाबतीत तसं होत नाही. १० वर्षांनंतरही १०० पैकी साधारण ९५ इम्प्लांट जागेवर असतात. उरलेले बहुतेक जंतुसंसर्ग, नको तेव्हा आलेला दाब, किंवा रुग्णाची तब्येत आणि सवयी यांमुळे जातात.

तंबाखू यात पहिली. सिगारेट-विडीने हिरडीचा रक्तपुरवठा आवळला जातो आणि इम्प्लांट निकामी होण्याचा धोका साधारण दुप्पट होतो. गावाकडे मिश्री लावणाऱ्या बायका ‘मी तंबाखू खात नाही’ असं डॉक्टरला अगदी मनापासून सांगतात. मिश्री ही भाजलेली तंबाखूच आहे. सांगा त्यांना.

मधुमेह असला म्हणजे इम्प्लांट होत नाही, हा गैरसमज. साखर आटोक्यात नसेल तर थांबावं लागतं, एवढंच. आत्याची तीन महिन्यांची सरासरी साखर (एचबीए१सी) ८.९ निघाली. डॉक्टरांनी सरळ सांगितलं, ‘आधी हे खाली आणा, दाढ सहा वर्षं थांबलीय, अजून तीन महिने थांबेल.’ मला ते डॉक्टर तिथेच आवडले. हाडं ठिसूळ होऊ नयेत म्हणून आठवड्याला एक गोळी किंवा वर्षाला एक इंजेक्शन घेणाऱ्यांनी ते न विसरता सांगायला हवं, कारण त्यातल्या काही औषधांनी जबड्याची जखम भरत नाही आणि क्वचित हाड सडतं. जबड्याला रेडिएशन घेतलेल्यांचंही तसंच. आणि वाढत्या वयाच्या मुलांना इम्प्लांट बसवत नाहीत. जबडा वाढतो तसे बाकीचे दात पुढे सरकतात आणि इम्प्लांट मात्र जिथल्या तिथे राहून आखूड दिसू लागतो.

एमआरआयची भीती बऱ्याच जणांना असते. टायटॅनियम लोहचुंबकाला ओढलं जात नाही. डोक्याच्या स्कॅनमध्ये तोंडाच्या आसपास चित्र थोडं फिसकटतं, म्हणून तंत्रज्ञाला सांगून ठेवायचं.

कीड लागत नाही, म्हणून निश्चिंत?

इथे लोक हमखास फसतात. धातूला कीड लागत नाही हे खरं. पण खऱ्या दाताभोवती हिरडीचे तंतू मुळात शिरून पक्कं कुंपण करतात; इम्प्लांटभोवती ते नुसते बिलगून असतात. त्या फटीतून जंतू खाली उतरले की हिरडी सुजते आणि मग स्क्रूभोवतीचं हाड विरघळू लागतं. दातासारखी नस नसल्याने ठणका लागत नाही. ब्रश करताना रक्त, दाबल्यावर पू, तोंडाला वास, एवढीच खूण. दुखत नाही म्हणून लोक वर्षभर काढतात आणि मग स्क्रू डुगडुगतो. त्या टप्प्यावर वाचवण्यासारखं फारसं काही उरत नाही.

म्हणून दोनदा ब्रश, दातांच्या फटीत जाणारा बाटली घासायच्या ब्रशसारखा चिमुकला ब्रश रोज, आणि सहा महिन्यांनी तपासणी. खऱ्या दातासारखी तंतूंची झोळी नसल्याने चावण्याचा झटकाही थेट हाडाला बसतो, त्यामुळे सुपारी आणि नळीचं हाड त्या बाजूने नको. रात्री दात खाणाऱ्यांना डॉक्टर झोपताना घालायचं प्लास्टिकचं आवरण देतात.

आता पैशाचं

महाराष्ट्रातल्या शहरांत खासगी दवाखान्यात एका दाताचा पूर्ण खर्च साधारण २५ ते ५० हजार रुपये येतो. परदेशी कंपनीचा स्क्रू, हाडाची भुकटी, सायनसचं काम यांनी तो आणखी वाढतो. आरोग्य विम्यात अपघात सोडला तर हे बहुधा बसत नाही. मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर इथल्या शासकीय दंत महाविद्यालयांत किंवा मुंबई महापालिकेच्या नायर दंत महाविद्यालयात चौकशी करण्यासारखी आहे. वेळ जातो, पण खिशाला झेपतं.

दर विचारताना स्कॅन, स्क्रू, अबटमेंट, कॅप यांतलं काय धरलंय ते कागदावर मागा. बसवणाऱ्याची महाराष्ट्र राज्य दंत परिषदेत नोंदणी आहे ना, आणि त्याने स्वतः किती इम्प्लांट केलेत, हेही विचारा. आणखी एक गोष्ट, जी मला कोणी सांगितली नव्हती: प्रत्येक इम्प्लांटच्या डबीवर कंपनी, माप आणि बॅच क्रमांकाचं स्टिकर असतं. त्याची एक प्रत घरी ठेवा. दहा वर्षांनी जोडतुकड्याचा आतला स्क्रू ढिला झाला आणि डॉक्टर निवृत्त झालेले असले, तर त्या मापाचा पाना आणि सुटा भाग शोधायला तेवढाच धागा असतो. आत्याने तो कागद रेशन कार्डाच्या पिशवीत ठेवलाय.

हो, तिने इम्प्लांटच केला. हाड ७ मिलिमीटर भरलं, शेजारचे दात धडधाकट होते म्हणून ब्रिज नको म्हणाली. वरची लांबलेली दाढ जराशी घासून घेतली. साखर ७.१ वर आणायला श्रावण उजाडला, मग स्क्रू बसला. तिसऱ्या आठवड्यात फोन आला: ‘काही दुखत नाहीये रे, गौरीच्या फराळातली चकली खाऊ का?’

‘उजव्या बाजूने खा.’

‘आणि दिवाळीची?’

‘तीही उजव्याच. कॅप मार्गशीर्षात.’